पश्चिमेच्या कुरणाची वाटणी

१७ एप्रिल १९७४

माझी थोरली बहीण बोरघिल्ड माझ्याशी बोलत नाही. म्हणून ही वही. नाताळात तिनंच दिली होती, "मनात येईल ते लिहीत जा" म्हणून. तेव्हा मनात काही येत नव्हतं. आता येतंय, आणि ऐकायला कोणी नाही. गोठ्यात गायींना सांगून पाहिलं. पण पश्चिमेच्या कुरणाचं गवत खाऊन वाढलेल्या त्या. त्या तिच्याच बाजूच्या.

भांडण थोडक्यात असं. ईस्टरला जेवताना मी म्हटलं, शेजारच्या लिअँडर शाउबला मी शब्द दिलाय. पश्चिमेचं कुरण त्यानं यंदा नांगरून मोडायचं, पुढच्या वर्षी सोयाबीन पेरायचं, पीक निम्मं निम्मं. सगळीकडे आता कुंपणापासून कुंपणापर्यंत नांगर फिरतोय. सोयाबीनला असा भाव आमच्या हयातीत आला नव्हता. आजोबा नॉर्वेहून आले तेव्हा त्यांनी बाकी सगळा माळ मोडला. हा तेवढा राहिला, कारण तिथं दगड होते, पाणथळ होती आणि आजोबा तोवर दमले होते. यात एवढं पवित्र काय आहे?

बोरघिल्डनं काटा खाली ठेवला. "मी निसर्गवाल्या मंडळींना बोलावलंय. त्या कुरणाचं राखीव उद्यान करायचं. कायमचं."

"मला न विचारता?"

"तू मला विचारून शब्द दिलास?"

बाबांनी जमीन दोघांच्या नावावर ठेवली. मी नाही म्हटलं की तिचं अडतं, ती नाही म्हणाली की माझं. तिचं शेवटचं वाक्य होतं, "बटाटे संपव."

१९ एप्रिल

दुपारी लिअँडर त्याच्या शेताच्या टोकाला ट्रॅक्टर थांबवून ओरडला, "हॅल्वर! घरी जा! जेवण गार होतंय!"

मी विचारलं, तुला कसं कळलं? तर बोरघिल्डनं स्वयंपाकघरातून फोन केला लिअँडरच्या बायकोला, रिटाला. रिटानं शेतात जाऊन सांगितलं लिअँडरला. लिअँडरनं मला. मी होतो आमच्याच गोठ्याच्या दारात. खिडकी उघडून हाक मारली असती तर कोंबड्यांनासुद्धा ऐकू गेली असती.

"आणि बाई म्हणाल्यात, बूट बाहेर काढ," लिअँडर म्हणाला.

साठी उलटली तरी लिअँडर तिला बाईच म्हणतो. आम्ही दोघं तिच्याच हाताखाली शिकलो, एका खोलीच्या शाळेत. मलाही शाळेत तिला बाई म्हणावं लागायचं. कधी चुकून घरीही तोंडात यायचं, आणि ती दुरुस्त करायची नाही.

२३ एप्रिल

पहाटे कुरणावर गेलो. कुठून नांगर लावायचा ते पाहायला. टेकाडावर माळकोंबडे जमले होते. नर गळ्याच्या नारिंगी पिशव्या फुगवून, मान खाली घालून, पाय आपटत एकमेकांसमोर नाचत होते आणि घुमत होते. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की येतो तसा आवाज. माद्या जरा बाजूला उभ्या, रविवारी चर्चमधून सुटलेल्या बायकांसारख्या, बघितलंच नाही असं दाखवत.

गाडीत बसून राहिलो. इंजिन गार होतं, तापायला वेळ लागतो.

२४ एप्रिल

पुन्हा गेलो. काल फाटकाची कडी लावली की नाही अशी शंका आली. लावलेली होती. कोंबडे होतेच. लगेच परत आलो, थर्मासातली कॉफी संपल्यावर.

९ मे

निसर्गवाल्या मंडळींकडून एक बाई आली. मिस पेल्टन. वय असेल तिशीचं, पायात पुरुषी बूट. बोरघिल्डनं आईचे निळे कप काढले. ते कप बिशप आले तेव्हा काढले होते आणि तेव्हाही एकदाच.

मला वाटलं होतं, उद्यान म्हणजे झोपाळे, बाकडी आणि मिनियापोलिस शहरातली पोरं वेफर्सच्या पुड्या फेकताहेत. तसं मी स्पष्ट विचारलं.

"काही बांधणार नाही आम्ही, मिस्टर ट्वेट," ती म्हणाली. "आहे तसंच ठेवायचं. फक्त दर काही वर्षांनी पेटवायचं."

"पेटवायचं?"

"हो. वणव्याशिवाय हा माळ जगत नाही. झाडोरा माजतो."

मी बोरघिल्डकडे पाहिलं. ती कपात साखर ढवळत होती. ती साखर घेत नाही. म्हणजे मी नांगरलं तर मी पापी, आणि ही आगकाडी घेऊन आली तर हिला निळे कप! हे मी मोठ्यानं बोललो नाही. बोललो असतो तर भिंतीलाच बोललो असतो.

नंतर मिस पेल्टन माळावर गुडघ्यांवर बसून दुपारभर गवत चाळत होती. मी सोबत गेलो, एकटी बाई पाणथळीत पडली तर नसती भानगड. मी म्हटलं, इथं काही नाही, नुसतं गवत. तिनं हाताच्या अंतरात एकामागून एक इतकी नावं घेतली की मला वाटलं ती वर्गाची हजेरी घेतेय. गोचिड मात्र तिच्यापेक्षा मला जास्त चावले.

३ जून

वकिलाकडे गेलो. वेगवेगळ्या गाड्यांतून. वकील म्हणाला, पटत नसेल तर कुरण दोन भागांत वाटा, एकेकानं आपापलं काय ते करावं. दोघांनीही मान डोलावली. ईस्टरनंतर आमचं एकमत झालेली ही पहिलीच गोष्ट.

६ जून

आज वाटणी झाली. आणि मी सांगतो, मी तिला पुरतं बनवलं.

लिअँडर मोजणीची साखळी धरायला आला होता. बोरघिल्ड रस्त्यावर गाडीत विणकाम घेऊन बसली. वकिलाच्या नकाशात रेघ बरोबर मधून होती: रस्त्याकडचा भाग माझा, आतला तिचा. पण खुंट्या माझ्या हातात होत्या. तिनं रिटाकरवी निरोप पाठवला होता, "त्याला हवी तिथं रेघ मारू दे." काय मूर्ख बाई आहे, मी म्हटलं.

पहिल्याच टेकाडाशी मी थांबलो. "हे तिच्याकडे टाक."

"का?" लिअँडर म्हणाला. "रेघ पलीकडून जाते. टेकाड तुझ्यात येतंय."

"कोंबड्यांनी नाचून नाचून जमीन दगडासारखी केलीय. तिथं काय उगवणार?"

खुंटी अलीकडे घेतली. पुढे ती बरड कड आली. बर्फ वितळतं न वितळतं तोच तिथं केसाळ जांभळी फुलं येतात. लहानपणी आम्ही ती आईला नेऊन द्यायचो. "हीही तिची," मी म्हटलं. "सगळे दगड आहेत."

"दगड मी काढीन की."

"तुझा फाळ तुटला तर मला बोलायचं नाही."

खुंटी अलीकडे. मग पाणथळ. तिथं पाणकोळी होते, बेडूक होते. "नांगर रुतेल," मी म्हटलं.

"हॅल्वर, माझ्याकडे नवा ट्रॅक्टर आहे. तुझ्या आजोबांचा बैल नाही."

"तरी रुतेल."

मग रानबोरांची जाळी, काटे म्हणून. मग उंच गवताचा तो पट्टा, सप्टेंबरात तांबडा होतो तो, मुळं फार चिवट म्हणून. एकेक करून सगळा टाकाऊ भाग तिच्या पदरात घातला. शेवटची खुंटी ठोकली तेव्हा रस्ता इतका जवळ आला होता की बोरघिल्डच्या गाडीतला रेडिओ ऐकू येत होता.

लिअँडरनं साखळी गुंडाळली, डोक्यावरची टोपी मागे सारली. "लेका, हे तुझ्याकडे राहिलंय ते शेत नाही. गळ्यातला टाय आहे."

"उत्तम माती आहे."

"टायच्या मानानं उत्तम आहे."

बोरघिल्डनं काच खाली केली, खुंट्यांची रांग पाहिली, काच वर केली. लिअँडर म्हणतो ती हसत होती. तोंडावर ऊन असेल.

९ जून

जेवणात रूबार्बच्या आंबट देठांचा केक होता. माझ्या ताटाशी मोठा तुकडा. कारण कळलं नाही. विचारायची सोय नाही.

११ जुलै

गेल्या आठवड्यात गवत कापणी झाली. कुरण अजून कागदोपत्री वाटलेलं नाही, आणि गायींना वाटणी कळत नाही, म्हणून बाबांच्या पद्धतीप्रमाणे निम्मं कापलं, निम्मं ठेवलं. पाणथळीच्या काठाला ती पांढरी झालरीची फुलं आली आहेत, संध्याकाळी वास येतो ती. यंत्राचं पातं त्या बाजूला जरा बोथट वाटलं म्हणून वळसा घातला. लिअँडर कुंपणापलीकडून बघत होता. म्हणाला, वळसा घातलास तिथं यंत्राची वाट सापासारखी झालीय. मी म्हटलं, पातं बोथट आहे. तो म्हणाला, ते फक्त फुलं दिसली की बोथट होतं का?

मिस पेल्टनला त्या फुलांबद्दल दोन ओळी लिहून टाकल्या. बोरघिल्डच्या बाजूला आहेत, तिला कळवणं माझं काम नाही, पण बोरघिल्ड आजकाल तिकडे जात नाही आणि कोणीतरी कळवायला हवं. मिस पेल्टन पत्र मिळालं त्याच दिवशी आली, चार तास गाडी चालवून. फुलांपुढे पालथी पडली आणि रडली. मला बायकांचं रडणं बघवत नाही म्हणून मी तिला बाकीची फुलं दाखवायला नेलं.

१८ ऑगस्ट

लिअँडर चर्चच्या तळघरातल्या कॉफीला आला. तो कॅथलिक, आमच्या चर्चमध्ये पाय ठेवायचा म्हणजे कारण मोठं असणार. मला कोपऱ्यात घेतलं.

"नवा नांगर आलाय. सप्टेंबरात तुझा टाय मोडायचा ना? का नको?"

"शब्द दिलाय मी."

"ते मला माहीतय. मी विचारतोय, मोडायचा का?"

"ट्वेट लोक शब्द फिरवत नाहीत."

त्यानं केकचा तिसरा तुकडा उचलला. "तुमच्या लुथरन पंथानं माणसाला हट्टीपणा शिकवला, बाकी काय शिकवलं ते कळत नाही."

२६ सप्टेंबर

हे लिहावंसं वाटत नाही, पण लिहितो.

सकाळी लिअँडर नवा नांगर घेऊन आला. आठ फाळांचा. फाटकातून आत घ्यायलाच वेळ लागला. पट्टा इतका अरुंद की नांगर उतरवायचा आणि सरळ जायचं, एवढंच जमणार होतं. मी कुंपणाशी उभा राहिलो.

मी जन्मभर शेतकरी आहे. पण मी मोडलेलीच जमीन दर वर्षी मोडत आलो. न मोडलेली मोडताना कधी पाहिली नव्हती.

आवाज आला. जाड घोंगडी कोणीतरी टराटरा फाडावी तसा, आणि तो थांबेना. मुळं तुटत होती. गवत आडवं पडून खाली गेलं आणि वर आलं ते काळं, ओलं, चकचकीत. कुठून तरी पांढरे पाणपक्षी आले आणि मागोमाग उतरले. टोकाला पोचून ट्रॅक्टर थांबला. लिअँडर खाली उतरून चालत माझ्याकडे आला.

"वळू कुठं? वळायचं तर चाक बाईंच्या बाजूला जातंय. मला या वयात कोपऱ्यात उभं राहायचं नाही."

मी बाहीनं डोळे पुसले.

"काय झालं?"

"डोळ्यांत धूळ गेली."

"काल पाऊस पडून गेलाय, हॅल्वर. धूळ कुठली?"

"मी शब्द दिलाय," मी म्हटलं. "मी तो मागे घेत नाहीये."

"नाही घेत. शब्द जागच्या जागी ठेवतोस आणि खुंट्या सरकवतोस." तो चिडला होता. बोलता बोलता टोपी काढून मांडीवर आपटत होता. "मला ही जमीन हवी होती. खोटं कशाला सांगू? अजून हवीय. पण एप्रिलपासून मी तुम्हा बहीणभावांचे निरोप वाहतोय. 'त्याला सांग लोकरीचे मोजे घाल.' 'तिला विचार मीठ कुठाय.' रिटा म्हणते, आपल्याला स्वतःचं भांडण करायला वेळ उरला नाही. तुझा शब्द मी तुला परत देतो. फुकट. घेतोस?"

मी मान हलवली. कशी हलली माहीत नाही, पण त्याला कळली.

"मग मी नांगर घरी नेतो. पण हे उकरलंय त्याचं तुझं तू बघ," तो म्हणाला.

घराकडे चालत निघालो. वाटेत एक चांगलं वाक्य तयार केलं. लांबलचक, नीट. स्वयंपाकघरात बोरघिल्ड घेवडा सोलत होती. तिच्यासमोर उभा राहिलो आणि ते वाक्य कुठं गेलं कोण जाणे. तोंडातून निघालं, "फावडी दोन आहेत."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग खिडकीतून पश्चिमेकडे पाहिलं. घेवडा बाजूला ठेवला, माझा जुना कोट चढवला, आणि मी तिच्या हातात फावडं दिलं.

नांगरानं उलटलेले तुकडे परत पालथे करायचे, गवत वर, काळं खाली, आणि पायानं दाबायचे. सोपं वाटतं. तुकडे ओल्या गादीसारखे जड. बहात्तर वर्षांची बाई आणि मी. जरा वेळानं लिअँडर परत आला, ट्रॅक्टरशिवाय, स्वतःचं फावडं घेऊन. मागोमाग रिटा, कॉफी घेऊन. 

मग बोरघिल्ड म्हणाली, "हॅल्वर, तो उलटा लावतोयस. मुळं खाली."

ईस्टरनंतरचं पहिलं वाक्य, आणि तेही चूक काढणारं. मला इतकं बरं वाटलं की पुढचा तुकडा मी मुद्दाम उलटा लावला.

२७ सप्टेंबर

कंबर. फक्त कंबर. बोरघिल्डचीही तीच गत, पण ती मोठ्यानं कण्हत नाही, मला ऐकू जाईल म्हणून. आज मात्र बोलली. सकाळपासून बोलतेय. साठलेलं सगळं. एप्रिलमध्ये मी दारात चिखल आणला होता, तेही.

१४ नोव्हेंबर

सही झाली. कुरण अख्खं गेलं, माझा टायसुद्धा. मी मंडळींकडून लेखी घेतलं: झोपाळे नाहीत, बाकडी नाहीत, कधीही कोणी काही पेरायचं नाही. त्यांचा वकील म्हणाला, "हे सगळं आमच्याच मसुद्यात आधीपासून आहे." मी म्हटलं, असू दे, पुन्हा लिहा. मिस पेल्टनला हसू आवरेना. बोरघिल्ड म्हणाली, "याला आता तुम्हीच सांभाळा."

४ मे १९७५

आज पेटवलं. मी शेवटपर्यंत विरोध केला. मिस पेल्टनला म्हटलं, मुळं जळतील. ती म्हणाली, मुळं तुमच्या घराच्या उंचीइतकी खोल आहेत. मी म्हटलं, मग गवतातली घरटी? ती म्हणाली, म्हणून निम्मंच पेटवतोय, तुमच्या वडलांसारखं. मी पंप असलेली पाण्याची पिशवी पाठीवर घेतली आणि नाराज चेहरा ठेवला.

लिअँडर गावच्या हौशी अग्निशामक दलाचा प्रमुख. "जन्मभर आगी विझवल्या," तो सगळ्यांना सांगत होता, "आता लावायला बोलावतात. पगार दोन्हीचा सारखाच, शून्य." मशाल कोणी धरायची यावर चर्चा चालली होती, तोवर बोरघिल्डनं ती त्याच्या हातून काढून घेतली. त्यानं बिचाऱ्यानं "हो बाई" म्हणून सोडली.

ज्वाळा वाऱ्यासोबत निघाल्या तेव्हा आवाज ऐकून मी कुंपणापर्यंत मागे सरकलो. आणि मग क्षणात सगळं संपलं. काळं, धुरकट, सपाट. बोरघिल्डच्या भुवया करपल्या होत्या आणि ती पंचवीस वर्षांची दिसत होती.

मी रात्रीचं जेवलो नाही. म्हणजे थोडं जेवलो.

१९ मे

हिरवं. जळल्या भागावर जास्त हिरवं, न जळल्यावर कमी. मिस पेल्टनला कळवलेलं नाही. एवढ्यात तिला बरोबर ठरवायची घाई नको.

२८ जून

फाटकावर पाटी लागली आणि लोक यायला लागले. फार नाही. आज मिनियापोलिसचं एक जोडपं आलं. नवरा पहिल्याच पावलाला अडखळून तोंडावर पडता पडता वाचला. रस्त्यालगत तो उंचवटा आहे ना, आम्ही तुकडे परत लावले तिथला, कितीही दाबलं तरी तो बसला नाही. गवत आलंय त्यावर, पण जमीन सुजल्यासारखी वर राहिलीय. मी त्यांना म्हटलं, पाय जपून, आमच्या शेजाऱ्यानं एकदा इथं मूर्खपणा केला होता. लिअँडर गावात लोकांना सांगतो की मूर्खपणा मालकानं केला होता.

मिस पेल्टन आली होती. म्हणाली, हा भाग रोलर फिरवून सपाट करून घेऊ या का? लोक पडतात.

"नको," बोरघिल्ड म्हणाली. "राहू द्या. माझ्या भावानं आयुष्यात एकदाच माफी मागितली, ती इथं आहे."

मिस पेल्टननं माझ्याकडे पाहिलं. मी टोपी नीट केली आणि पाणथळीकडे चालू लागलो.

मी माफीबिफी काही मागितली नव्हती. मी फक्त तिच्या हातात फावडं दिलं होतं.